फ्लॅटवर्म एक्झिट: औषध चोख आहे, घात मेलेले किडे करतात

काचेच्या ज्या कोपऱ्यात पाणी मंद फिरते तिथे सेव-उसळीवरच्या तर्रीसारखा तांबूस थर धरला, की समुद्री टाकीवाला पहिल्यांदा त्याला शेवाळच समजतो आणि ब्रश उचलतो. ब्रश खाली ठेवा. दिवे लागून दोन-तीन तास झाले की काचेला नाक लावून बघा. थर हलतोय का? त्यातला एकेक ठिपका ३ ते ५ मिलिमीटरचा, चपटा, गंजाच्या रंगाचा, आणि मागच्या टोकाला तीन पाकळ्या, मधली बारीक शेपटीसारखी? मग ते शेवाळ नव्हे. ते लाल फ्लॅटवर्म. दुकानदार त्यांना रेड प्लॅनेरिया म्हणतात, पण खऱ्या प्लॅनेरियाशी यांचे नाते नावापुरतेच. शास्त्रज्ञ यांना आता अकोएल नावाच्या वेगळ्याच गटात धरतात.

या किड्यांवर सगळ्यात जास्त वापरले जाणारे औषध म्हणजे हॉलंडच्या सॅलिफर्ट कंपनीचे फ्लॅटवर्म एक्झिट. १० मिलीची इवलीशी ठिबक बाटली. निकाल आधीच सांगून टाकतो: ५ पैकी ४. सांगितल्या डोसला किडे मारते आणि कोरलला, म्हणजे प्रवाळाला, धक्का लावत नाही. एक गुण कापला तो दोन गोष्टींसाठी. आत काय आहे ते कंपनी सांगत नाही, आणि बाटली इतकी साधी दिसते की थेंब टाकले म्हणजे काम झाले असे घेणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात थेंब टाकणे हा या कामाचा दहावा हिस्सा. उरलेले नऊ हिस्से आधी किड्यांचा उपसा आणि नंतर विष शोषणारा कोळसा, म्हणजे कार्बन.

का, ते किड्याच्या अंगात आहे. कॉन्व्होल्युट्रिलोबा रेट्रोजेमा या जातीचे वर्णन १९८८ साली झाले. नावातला ‘रेट्रोजेमा’ म्हणजे उलटा कोंब: पिल्लू आईच्या मागच्या टोकाला फुटते आणि त्याचे तोंड आईच्या उलट दिशेला असते. कोंब सुटला की नवा किडा तयार. जोडीदार लागत नाही, अंड्यांची वाट बघावी लागत नाही. म्हणून एका फ्रॅगवरून, म्हणजे कोरलच्या कापून लावलेल्या तुकड्यावरून, आलेले दोन-चार किडे काही महिन्यांत अख्खा दगड रंगवतात. अंगात शेवाळाच्या पेशी बाळगतात आणि त्यांच्या जोरावर उजेडावर पोसतात, वर कोपेपॉड हे पाण्यातले बारीक कवचधारी जीवही पकडून खातात. त्यामुळे मँडरिनसारखा फक्त कोपेपॉडवर जगणारा मासा टाकीत असेल तर त्याच्या ताटातले हे पळवतात. कोरलला हे चावत नाहीत, पण त्यावर चादर घालून उजेड अडवतात.

आणि यांच्या अंगात विष असते. जिवंत असेपर्यंत ते आतच राहते. किडा मेला, फाटला, पंपात चिरडला की पाण्यात उतरते. शंभर किडे मेले तर टाकीला पत्ताही लागत नाही. पण काच, दगड, वाळू सगळे लाल झालेले असताना कोणी सरळ औषध ओतले, की तासाभरात मासे पृष्ठभागाशी धापा टाकायला लागतात आणि मग ‘औषधाने मासे मारले’ अशी बोंब होते. मारले किड्यांनी. औषधाने फक्त सगळ्यांना एकाच वेळी मारले.

आता डोस. कंपनीच्या हिशेबाने एक बाटली ३०० अमेरिकन गॅलनला पुरते, म्हणजे सुमारे ११३५ लिटरला. बाटलीसोबतच्या कागदावर थेंबांचा आकडा असतो; तो शेवटचा शब्द माना. पण थेंब मोजायच्या आधी पाणी मोजायला हवे, आणि नव्वद टक्के घोळ इथेच होतो. आपल्याकडची सर्रास दिसणारी चार फुटी टाकी घ्या. बाहेरून ४ गुणिले दीड गुणिले दीड, ९ घनफूट, म्हणजे २५५ लिटर. त्यात संपचे, म्हणजे मुख्य टाकीला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीचे, ४२ मिळवले की लोक ३०० धरून मोकळे. खरा हिशेब असा: आतून लांबी ११८ सेंटिमीटर, रुंदी ४३, पाण्याची उंची ४०. गुणाकार करून १००० ने भागा, २०३ लिटर. आत २० किलो दगड आणि २० किलो वाळू, कोरडे वजन. दोन्ही मुळात कॅल्शियम कार्बोनेट, घनता २.७ च्या आसपास, म्हणजे ४० किलोने साधारण १५ लिटर जागा खाल्ली. राहिले १८८. संपमध्ये पाणी जिथवर चालते तिथवर मोजायचे: ६० गुणिले ३५ गुणिले २०, म्हणजे ४२. एकूण २३० लिटर. बाटलीच्या हिशेबाने याला २ मिलीच्या जरा वर औषध लागते. ३०० धरले असते तर डोस तीस टक्के जास्त गेला असता. हे औषध तेवढे चालवून घेते, पण दगडाचा अंदाज ‘अर्धी टाकी दगडच आहे’ असा उलटा चुकला तर डोस कमी पडतो, आणि ते जास्त वाईट. अर्धमेले किडे विषही सोडतात आणि आठवड्यात पुन्हा उभेही राहतात.

२ मिली मोजायला ठिबक तोंडावर विसंबायची गरज नाही. बडोद्यात सयाजी इस्पितळासमोरच्या कुठल्याही मेडिकलमध्ये ३ मिलीची सिरिंज मिळते. सुई काढून टाका.

टाकीत औषध घालण्याआधी बादलीत परीक्षा घ्या. टाकीचेच ४-५ लिटर पाणी, त्यात दहा-पंधरा किडे, आणि औषधाचा १ थेंब. वीस मिनिटांत किडे आकसून सुटले तर ओळख बरोबर आहे आणि बाटलीही खरी आहे. निवांत फिरत राहिले तर ते दुसरेच काही असण्याची शक्यता जास्त. झोआ किंवा मॉन्टिपोरा या जातींचे कोरल खाणारी गोगलगायवर्गी न्यूडिब्रांक यांच्यासारखीच चिकटून बसते, पण ती फ्लॅटवर्म नव्हे आणि टाकीभर हे औषध घालून ती जात नाही. शिंपल्यात शिरणारे मोठे, पातळ, पानासारखे पॉलिक्लॅडही वेगळे. ते चिमट्याने हाताने काढायचे. बादलीतले पाणी अर्थात टाकीत परत जात नाही.

मग उपसा, सलग तीन दिवस. एअर पंपची साधी ४ ते ६ मिलिमीटर आतल्या व्यासाची नळी घ्या आणि तिचे टोक एखाद्या ताठ प्लास्टिकच्या काडीला रबरबँडने बांधा, म्हणजे हव्या त्या फटीत नेता येते. दुपारच्या सुमारास, दिवे पूर्ण तापलेले असताना किडे उजेडात पसरून बसतात. पॉवरहेड, म्हणजे टाकीत प्रवाह फिरवणारा पंप, बंद करा, नाहीतर नळी जवळ नेताच ते उडतात. नळीचे दुसरे टोक खाली २० लिटरच्या बादलीत. तोंडाने ओढून सायफन चालू करू नका. किड्यांचा रस तोंडात जाऊ नये इतकी ती नळी लांब नसते. टोक किड्याच्या अगदी वर न्यायचे, घासायचे नाही. घासले की किडा फाटतो, आणि फाटलेल्या तुकड्यातून नवा किडा वाढवण्यात ही जात पटाईत आहे. कित्येक जण पाणी वाचवायला नळीचे टोक संपमधल्या गाळणी पिशवीत सोडतात. पिशवीत अडकलेले किडे प्रवाहाने चोळले जाऊन तिथेच विष सोडतात आणि ते पाणी परत टाकीत. बादली भरा आणि गटारात ओता. रोज २० लिटर गेले, तेवढे नवे खारे पाणी भरले. हा पाणीबदलही आपोआप झाला.

तिसऱ्या दिवशी जेव्हा नळी फिरवूनही मोजके दहा-वीसच हाती लागतात, तेव्हा औषधाची वेळ आली. त्याआधी नाही. दगडाच्या आत कितीतरी असतातच. दिसणाऱ्यांपैकी बहुतेक काढले असतील तरच लपलेल्यांचे विष झेपते.

औषधाच्या आदल्या दिवशीची तयारी म्हणजे पाणी. ३० टक्के बदलाला ७० लिटर लागतात, आणि तेवढेच आणखी ७० लिटर हाताशी राखीव ठेवा. ते वापरावे लागले नाही तर पुढच्या आठवड्यात कामी येईलच. मीठ लिटरला साधारण ३८ ग्रॅम, ब्रँडप्रमाणे थोडे इकडेतिकडे, म्हणजे ७० लिटरला २ किलो ६५० ग्रॅमच्या आसपास, पाण्याचे विशिष्ट गुरुत्व १.०२५ ला आणा. घरच्या स्वयंपाकघरातला आरओ इथे चालत नाही. त्यात चवीसाठी थोडे कच्चे पाणी मिसळणारा नळ असतो, आणि अजवा तलावाचे पाणी येवो की मही नदीचे, ते थेट कोरलच्या टाकीत नको. उरलेसुरले क्षार काढणारे डीआय काडतूस लावलेला, टीडीएस (विरघळलेले क्षार) ० दाखवणारा आरओच हवा. पिंपात पॉवरहेड टाकून रात्रभर फिरवा आणि तापमान टाकीइतके आणा. मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे असताना खोलीतले पिंप सकाळीही ३३-३४ अंशांवर असते. बंद बाटलीत गोठवलेले आरओचे पाणी पिंपात सोडून ते खाली आणावे लागते.

खरे तर हे काम उन्हाळ्यात काढूच नये. ३५ ग्रॅम खारटपणाच्या पाण्यात २५ अंशांना लिटरमागे सुमारे पावणेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना सव्वासहाच. मरणारे किडे सडायला लागले की आहे तोही खातात. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम. फक्त उत्तरायणाचे, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांचे, दोन दिवस सोडा; घरातले सगळे गच्चीवर असताना खाली टाकीपाशी कोण बसणार?

कार्बन भरपूर, आणि आधी धुतलेला. २३० लिटरला निदान ५०० ग्रॅम घ्या, दोन पिशव्यांत विभागून. नारळाच्या कवटीचा पाणी-फिल्टरचा कार्बन दोन दिवसांसाठी चालतो. त्यातून थोडा फॉस्फेट सुटू शकतो, म्हणून कायम ठेवायचा नाही, एवढेच. आरओच्या पाण्यात खळखळून काळे पाणी जाईपर्यंत धुवा. आणि पिशवी संपमध्ये नुसती सोडून ठेवू नका. पाणी तिच्या बाजूने निघून जाते, आतून जात नाही. रिअ‍ॅक्टर असेल तर तो, नसेल तर कॅनिस्टर फिल्टर, तेही नसेल तर ओव्हरफ्लोचे, म्हणजे टाकीतून ओसंडून येणारे, पाणी जिथे संपमध्ये पडते तिथे चाळणीच्या डब्यात भरून, म्हणजे प्रत्येक लिटर कार्बनमधूनच उतरेल.

प्रत्यक्ष दिवस. सकाळी सुरुवात करा, म्हणजे काही बिघडले तर दिवसभर हातात आहे. जुना कार्बन काढा. संपच्या कोपऱ्यात विसरलेली कार्बनची पिशवी हे ‘औषधाने काहीच झाले नाही’ या तक्रारीचे सगळ्यात मोठे कारण. पाण्यावरचा यूव्ही दिवा बंद, ओझोन यंत्र असेल तर बंद, फेसातून घाण काढणारा स्किमर बंद. एअर पंप चालू करून त्याचा बुडबुडे सोडणारा दगड पाण्यात सोडा आणि बॅटरीवरचा एक एअर पंप शेजारी ठेवा, कारण लाइट नेमकी अशाच वेळी जाते. फेदर डस्टरसारखे पंख्याचे शोभेचे कृमी असतील तर त्यांना वेगळ्या बादलीत हलवा. किडे खाणारा रास (wrasse) जातीचा मासा असेल तर त्यालाही. मरत असलेला किडा आयताच तोंडाशी आला तर तो खाणारच, आणि विषाचा घास त्याच्या पोटात जाणार.

औषध टाकीच्या १ लिटर पाण्यात मिसळून पॉवरहेडच्या झोतासमोर हळूहळू ओता, पाच मिनिटांत. घड्याळ लावा.

मग काचेजवळ बसा, कारण बघण्यासारखे असते आणि बघायला हवेही. पाच-सात मिनिटांत किड्याच्या कडा आत वळायला लागतात, तळणीत पडलेल्या पापडासारख्या. शरीर आकसते, तीन पाकळ्या एकत्र गोळा होतात, काचेवरची पकड एका बाजूने सुटते. किडा प्रवाहात फडफडतो आणि शेवटी सुटून गंजाच्या किसासारखा तरंगत जातो. दगडांच्या फटींतून, जिथे एकही दिसत नव्हता तिथून, झुंडीने बाहेर पडायला लागतात. ‘एवढे होते?’ हा प्रश्न इथे प्रत्येकाला पडतो. त्या क्षणी नळी हातात हवी. तरंगणारे जितके टिपता येतील तितके टिपा. ओव्हरफ्लोवर फिल्टर फ्लॉसचा तुकडा ठेवा आणि दर दहा मिनिटांनी तो फेकून नवा लावा. पिळून पुन्हा लावायचा नाही, पिळले की रस पाण्यात.

वीस ते तीस मिनिटांत बहुतेक संपतात. ४५ मिनिटे झाली की काहीही असो, कार्बन चालू करा. स्किमर चालू. लगेच ७० लिटर पाणी बदला, आणि बदलताना तळातला कचरा ओढूनच काढा. पहिली कार्बनची पिशवी चार-पाच तासांनी काढून दुसरी लावा. ती २४ तास राहू दे. स्किमर त्या रात्री वेड्यासारखा फेस काढतो. कप दोनदा रिकामा करावा लागेल, वाहून जाऊ देऊ नका.

अर्ध्या तासाने किडे जसेच्या तसे असतील तर आधी कार्बन-यूव्हीची खात्री करा, मग पाण्याचा हिशेब पुन्हा तपासा. दोन्ही ठीक असेल तर अनुभवी लोक मूळ डोसच्या निम्मे आणखी घालतात. पण ते फक्त उपसा नीट झालेल्या टाकीत.

धोक्याची खूण माशांकडे बघून कळते. गिल्स भराभर हलणे, सगळे वरच्या थरात येणे, गोगलगायी काचेवरून सुटून उताणी पडणे, झेनिया हा मऊ कोरल मिटून गळल्यासारखा होणे, पाण्याला पिवळसर झाक. यातले काहीही दिसले तर ४५ मिनिटांची वाट बघू नका. कार्बन लगेच, राखीव ७० लिटरचा दुसरा पाणीबदल लगेच, आणि मासे नव्या खाऱ्या पाण्याच्या, एअर पंप लावलेल्या बादलीत. आणखी औषध, ‘उतारा’ म्हणून कंडिशनर, पाण्यात टाकायची कुठलीही तिसरी बाटली, काही नको. विष बाहेर काढण्याचे दोनच रस्ते: कार्बन आणि पाणी.

सात दिवसांनी पुन्हा एक फेरी, त्याच डोसने. तोवर दिसो न दिसो. कारण वर सांगितलेला तो उलटा कोंब: फटीत वाचलेल्या एकालाच पुन्हा कुटुंब उभारता येते. दुसऱ्या फेरीत मरणारे इतके कमी असतात की ती जवळजवळ निवांत पार पडते. तिसरी फेरी लागली तर समजा पहिल्या वेळी पाणी मोजायला चुकलात.

औषध न घालता चालेल का, हे सगळेच विचारतात. सिक्सलाइन रास काही टाक्यांत किडे साफ करतो आणि काही टाक्यांत त्यांच्याकडे बघतही नाही, मात्र लहान माशांना छळतो सगळीकडे. मेलॅन्युरस आणि पिवळा कोरिस हे रास जरा सभ्य; त्यांना झोपायला वाळूचा थर लागतो आणि वर झाकण लागते, नाहीतर उडी मारतात. माशाला हे औषध समजून आणू नका. तो नंतरचा पहारेकरी ठरू शकतो, लढाई जिंकणारा नव्हे.

चेलिडोनुरा व्हेरियन्स ही काळी, निळ्या कडेची मखमली समुद्री गोगलगाय मात्र खरोखर अकोएल किडेच खाते, दुसरे काही नाही. दिसायला देखणी. अडचण हीच, की किडे संपले की ती उपाशी मरते, आणि तोवर पॉवरहेडच्या जाळीत अडकून मरण्याची शक्यता वेगळी. मुंबईहून बडोद्यापर्यंतचा प्रवास सोसून आलेल्या प्राण्याला आपण महिन्याभराचे काम देणार आणि मग उपास. आमच्या मते हा सौदा योग्य नाही. दोन-तीन मित्रांच्या टाक्यांत एकाच वेळी किडे असतील आणि गोगलगाय फिरवायची ठरली असेल तर गोष्ट वेगळी.

गोड्या पाण्याची डुबकी हा स्वस्त उपाय, पण फक्त बाहेर काढता येणाऱ्या फ्रॅगसाठी. आरओचे पाणी, टाकीइतकेच तापमान, चिमूटभर खाण्याचा सोडा घालून पीएच ८ च्या आसपास. झोआ आणि मशरूम कोरल दहा-पंधरा सेकंद सहज सोसतात, किडे तेवढ्यात गळून पडतात. झेनिया आणि अ‍ॅक्रोपोरा हा कठीण कोरल, यांच्यावर हा प्रयोग करू नका.

‘आतले औषध लेवामिसोल आहे’ असा समज छंदी मंडळींत पक्का आहे, आणि त्यावरून जनावरांच्या दवाखान्यातली जंतनाशकाची बाटली आणावी अशी कल्पना निघतेच. कंपनीने घटक जाहीर केलेला नाही, त्यामुळे प्रमाण काढणार कशाच्या आधारावर? गुराढोरांच्या द्रावणात चव, रंग, टिकवणारे पदार्थ मिसळलेले असतात, ते वेगळेच. वाचणाऱ्या पैशांच्या मानाने टाकीतला ऐवज फार मोठा असतो.

सगळ्या कृमींवर ही बाटली रिकामी करायची नसते, हेही सांगायला हवे. रात्री टॉर्च मारला की दगडाखालून सरकणारे, बाजूंना पांढऱ्या केसांच्या झुबक्यांचे गुलाबी-तपकिरी ब्रिसलवर्म हे बहुतेक वेळा सफाई कामगार. फार वाढले असतील तर माशांना खाणे जास्त पडतेय, एवढाच त्याचा अर्थ. कमी करायचेच असतील तर सापळा: अर्धा इंची पीव्हीसी पाइपचा सहा इंची तुकडा, दोन्ही टोकांना कॅप, कॅपमध्ये ५ मिलिमीटरचे भोक, आत कोळंबीचा तुकडा. दिवे बंद झाल्यावर वाळूवर ठेवा, उजाडायच्या आत काढा. हातमोजे घालाच, केस बोटात शिरले तर चिकटपट्टी लावून ओढून काढा, चोळू नका.

कोरल डिप म्हणून, म्हणजे नवा कोरल औषधाच्या पाण्यात बुडवून काढायला, या बाटलीचा उपयोग ठीकठाक. वामिनोआ, म्हणजे मशरूम आणि लेदर कोरलवर चिकटून बसणारे तपकिरी गोल किडे, साध्या डोसला दाद देत नाहीत. त्यांना वेगळ्या बादलीत चढा डोस आणि पिपेटने झोत मारणे लागते. अ‍ॅक्रोपोरा खाणाऱ्या फ्लॅटवर्मची अंडी तर कुठल्याच डिपने मरत नाहीत. तिथे आठवड्याला एक डिप, असे सहा आठवडे, आणि अंड्यांचे तपकिरी ठिपके ब्लेडने खरवडणे हाच मार्ग.

बडोद्यात गोड्या पाण्याची दुकाने पैशाला पासरी. समुद्री माल मात्र बहुधा मुंबईहून मागवावा लागतो, तेव्हा किडे दिसल्यावर शोधाशोध करण्यापेक्षा एक बाटली आधीच घरात असलेली बरी. घेताना सील आणि मुदत बघा, घरी आणल्यावर थंड, अंधाऱ्या कप्प्यात ठेवा. टाकीच्या झाकणावर, दिव्यांच्या उबेत नको. स्वस्तात दगड मिळतो म्हणून ओखा-द्वारकेकडच्या किनाऱ्यावरून कोणी ‘लाइव्ह रॉक’, म्हणजे जिवंत जीव असलेला समुद्री दगड, आणून देतो म्हणाले तर सरळ नाही म्हणा. कच्छच्या आखातात १९८२ पासून सागरी राष्ट्रीय उद्यान आहे, दगड बांधणारी सगळी कठीण प्रवाळे १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि त्या दगडातून काय काय घरात येईल ते सांगता येत नाही.

नवा फ्रॅग कायदेशीर, ओळखीच्या माणसाकडून आला तरी तो ज्या सिमेंटच्या प्लगवर चिकटवलेला असतो त्याच्या खालच्या बाजूला, देठाच्या खाचेत, किडे बसलेले असतात. डिपने वरचे गळतात, खाचेतले नाही. कोरल प्लगपासून कापून वेगळे करा, नव्या प्लगवर जेल ग्लूने लावा आणि जुना प्लग कचऱ्यात टाका. ‘धुऊन ठेवू, उपयोगी पडेल’ असे म्हणून संपमध्ये ठेवू नका.